वहाणेतला खडा

लॅटिन भाषेत ‘स्क्रूपुलुस’ म्हणजे बारीक, टोकदार खडा. असा खडा वहाणेत शिरला की माणसाला धड चालू देत नाही आणि वाकून शोधू गेल्यास हाती लागत नाही. मनात सतत बोचणाऱ्या शंकेलाही रोमन लोक हाच शब्द योजू लागले. पुढे ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने तो उचलला आणि त्याला एक नेमका अर्थ दिला. जेथे पाप नाही तेथे पाप दिसणे, क्षमा झालेल्या पापाची क्षमा झालीच नाही असे वाटत राहणे, पापनिवेदन करून उठताक्षणी काहीतरी सांगायचे राहिले या धास्तीने पुन्हा तेथेच गुडघे टेकणे, या सर्वांसाठी हा एकच शब्द. आपण त्याला पापशंका म्हणू. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात या विषयाच्या वाट्याला जेमतेम एक तास येत असे. धर्मग्रामात आल्यावर त्याचा खरा विस्तार कळतो.

मराठीतही एक शब्द आहे, आणि तोही धर्माचरणातूनच आलेला आहे: मंत्रचळ. मंत्र जपताना चूक झाली तर जपणाऱ्याचे चित्त चळते, या जुन्या समजुतीतून तो रूढ झाला. हात पुन्हा पुन्हा धुणारा, कुलूप दहादा ओढून पाहणारा, देवाचे नाव नीट उच्चारले की नाही या शंकेने पुन्हा आरंभापासून म्हणणारा माणूस मंत्रचळी ठरतो. रोममध्ये आणि महाराष्ट्रात, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, या व्याधीची पहिली ओळख प्रार्थनेच्या जागी झाली, हे मला अर्थपूर्ण वाटते. वैद्यकाने तिला नाव देण्याच्या पुष्कळ आधी धर्मगुरूंनी तिला पाहिले होते. पाहिले होते म्हणजे ओळखले होते असे मात्र नव्हे. त्या दोहोंमधील अंतर कसे कापले गेले, याचा हा अल्प इतिहास.

त्यातले सर्वांत तपशीलवार प्रकरण संत इग्नाशियस लोयोला यांचे आहे. ते आपल्याला ठाऊक आहे याचे कारण त्यांनी स्वतःच ते सांगून ठेवले. १५५३ ते १५५५ या काळात त्यांनी आपली जीवनकथा लुईस गोन्साल्व्हिस दा कामारा या सहकारी फादरांना तोंडी सांगितली. येशूसंघाचा संस्थापक, साठी ओलांडलेला, रोममध्ये सर्वमान्य झालेला पुरुष. परंतु आपल्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणे महिने त्याने झाकून ठेवले नाहीत.

ते महिने १५२२ सालचे. मे १५२१ मध्ये पाम्पलोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचलेल्या ख्रिस्तचरित्राने आणि संतचरित्रांनी त्यांचे मन पालटले. मार्च १५२२ मध्ये माँटसेराटच्या मठात जाऊन त्यांनी सबंध आयुष्याचे पापनिवेदन केले. ते लेखी होते आणि त्याला तीन दिवस लागले. यानंतर मन हलके व्हावयास हवे होते. जवळच्या मान्रेसा गावी ते राहिले आणि आरंभीचे काही महिने आनंदात गेलेही. मग खडा टोचू लागला. अमुक पाप सांगितले खरे, पण पुरते सांगितले का? तमुक गोष्ट राहून तर गेली नाही? ते पुन्हा पापनिवेदन करीत, आणि समाधान काही होत नसे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इग्नाशियस एकटे कुढत बसले नाहीत. ते मदत शोधत फिरले. आत्मिक जीवनाचे जाणकार म्हणून ज्याचे नाव कानी येई, त्याच्याकडे ते जात. तेथील महामंदिरातल्या एका विद्वान प्रवचनकाराने त्यांना सल्ला दिला की, आठवेल ते सर्व लिहून काढा आणि त्याचे निवेदन करा. सल्ला सद्भावनेचा होता आणि वरकरणी शहाणपणाचाही. त्यांनी तो पाळला. परिणाम असा झाला की, शंका अधिकच बारीक होऊन परतल्या. विस्तवात तूप पडावे तसे झाले. आजच्या मानसोपचारात शिकाऊ समुपदेशकालाही हे शिकवतात की, अशा रुग्णाच्या प्रत्येक शंकेचे निरसन करीत बसणे म्हणजे पुढच्या शंकेला निमंत्रण देणे होय. १५२२ मध्ये हे कोणी सांगावे?

इग्नाशियस यांना स्वतःला मात्र उपायाची चाहूल लागली होती. मागची पापे पुन्हा सांगू नकोस, असे आपल्या पापनिवेदन-गुरूंनी प्रभूच्या नावाने बजावले तर बरे होईल, असे त्यांना वाटे. परंतु तसे सुचविण्याचे धैर्य होत नसे. पुढे गुरूंनी आपण होऊन तशी आज्ञा केली, पण तिला एक अट जोडली: अगदी स्पष्ट दिसणारे पाप असेल तरच सांग. या अटीने आज्ञेतला सगळा जीव काढून घेतला, कारण त्या दुखावलेल्या मनाला प्रत्येक पाप स्पष्टच दिसत होते.

त्या वेळी ते डॉमिनिकन मठातल्या एका खोलीत राहत होते. रोजची सात तासांची गुडघ्यांवरील प्रार्थना, मध्यरात्रीचे उठणे, कठोर तपश्चर्या हे सर्व चालूच होते आणि कशाचाही उपयोग होत नव्हता. प्रार्थनेच्या जागेजवळच एक मोठे भगदाड होते. त्यातून उडी टाकून सारे संपवावे, अशी तीव्र ऊर्मी त्यांना पुन्हा पुन्हा येई. हे पाप आहे या जाणिवेने ते स्वतःला आवरत. मार्ग दाखविणारे कुत्र्याचे पिल्लू भेटले तरी त्याच्या मागून जाईन, असा आक्रोश त्यांनी प्रभूपाशी केला. आत्महत्येच्या काठावर उभा राहिलेला हा मनुष्य आज ज्यांच्या नावाने जगभर शाळा आणि महाविद्यालये चालतात, तोच आहे, हे आपल्या प्रवचनांतून क्वचितच सांगितले जाते. पाम्पलोनाचा तोफगोळा सर्वांना पाठ असतो. मान्रेसाचे भगदाड कोणाला आठवत नाही.

शेवटी त्यांनी एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत अन्नपाणी वर्ज्य केले. आठवड्याच्या अखेरीस ही गोष्ट पापनिवेदनात त्यांच्या तोंडून आली, तेव्हा गुरूंनी उपवास तत्काळ सोडावयास लावला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत एकापाठोपाठ एक पापे पुन्हा आठवू लागली आणि जीवनाचीच शिसारी आली. त्या क्षणी त्यांना जणू झोपेतून जाग आली. ही शंका कोणत्या वाटेने येते आणि कोठे नेऊन सोडते, याचा माग त्यांनी काढला आणि निश्चय केला की, गतकाळचे एकही पाप यापुढे पुन्हा सांगायचे नाही. त्या दिवसापासून ते मोकळे झाले. ही मुक्ती देवाच्या कृपेने झाली, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि माझीही आहे. पण कृपेने घेतलेली वाट पाहा: शंकेच्या आशयाशी वाद घालणे त्यांनी थांबवले आणि तिच्या चालीकडे पाहिले.

पाचशे वर्षांपूर्वीच्या मनुष्याला आजच्या दवाखान्यातले नाव चिकटविण्याची मला हौस नाही. त्यांनी स्वतः काय शिकून घेतले, ते पुरेसे आहे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात पापशंकेविषयी काही टिपणे आहेत. पहिलेच उदाहरण मोठे साधे आहे. रस्त्यात दोन काड्या क्रुसासारख्या पडल्या आहेत आणि चालताना त्यांच्यावर पाय पडला. हे पाप झाले, असे कोणी स्वतःच ठरवले तर ती निव्वळ चुकीची समजूत. पण पाय पुढे पडल्यावर बाहेरून कोठून तरी विचार येतो की, आपण पाप केले. त्याच वेळी आपणांस असेही वाटते की, केले नाही. आणि या दोहोंमध्ये मन हेलकावे खात राहते. ही खरी पापशंका. अज्ञान आणि व्याधी यांतला भेद याहून नेमका क्वचितच कोणी सांगितला असेल. अज्ञानावर शिक्षण चालते, व्याधीवर चालत नाही.

हा खडा केवळ कॅथलिकांच्याच वहाणेत शिरला असेही नाही. इग्नाशियस यांचे समकालीन मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन् तास पापनिवेदन करीत आणि त्यांचे गुरू स्टाउपिट्झ अगदी टेकीला येत. इंग्लंडमधले जॉन बन्यन यांनी १६६६ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात आपल्या गावच्या चर्चमधील घंटेची हकिकत सांगितली आहे. घंटा वाजविण्याची त्यांना आवड होती. तो छंद पापमय वाटू लागला म्हणून त्यांनी तो सोडला, पण नुसते पाहायला जात. मग घंटाच अंगावर पडली तर, असे वाटू लागले. ते तुळईखाली उभे राहू लागले. तेथून दारात आले. पुढे सबंध मनोराच कोसळेल या भीतीने तेथूनही पळाले. भीतीपासून एक पाऊल मागे सरले की ती दोन पावले पुढे येते. चिंतेचे सर्व शास्त्र या एका घंटाघरात आले आहे.

आपल्या परंपरेत या विषयाचा खरा वैद्य झाला तो नेपल्समध्ये. संत आल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) हे मूळचे नामांकित वकील. १७२३ मध्ये एका कागदाचा अर्थ निसटल्यामुळे मोठा खटला हरले आणि त्यांनी वकिली कायमची सोडली. १७३२ मध्ये त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट संघ स्थापन केला. पापशंका त्यांना जन्मभर चिकटलेली होती आणि अगदी वृद्धापकाळीही ती उसळून आली. त्या काळी युरोपात यान्सेनवादी कडक शिस्तीचे वारे होते. देवाची भीती जितकी घालावी तितके बरे, असे मानणारे पापनिवेदन-गुरू थोडे नव्हते. आल्फोन्सस यांनी आपल्या नीतिशास्त्रात त्यांच्या विरुद्ध बाजूने विचार मांडला. त्यांचा नियम असा की, पापशंकेने पीडलेल्या व्यक्तीने स्वतःच्या निर्णयावर विसंबू नये. एकच सुजाण गुरू निवडावा आणि त्याने पुरे म्हटले की थांबावे, शंका मनात तशीच असली तरी कृती करावी. शंका मिटल्यावर कृती नव्हे, शंकेसह कृती. १८७१ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून गौरविण्यात आले आणि १९५० मध्ये ते पापनिवेदन-गुरूंचे आश्रयदाते संत ठरले.

या नियमातला धोकाही सांगितला पाहिजे. सर्व भार एका गुरूवर टाकणारी पद्धत त्या गुरूच्या शहाणपणाइतकीच चांगली. तो उतावळा असेल, किंवा हाती सत्ता असल्याचे सुख त्याला वाटत असेल, तर रुग्णाची परवड ठरलेली. शिवाय व्याधी शरीरातही मुरलेली असेल, तर आज्ञापालनाने किती साधणार? हा प्रश्न विचारणारे लोक एकोणिसाव्या शतकात पुढे आले, आणि ते बहुधा डॉक्टर होते.

१८७१ मध्ये जेकब दा कोस्टा या अमेरिकी डॉक्टरांनी यादवी युद्धातील सैनिकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्या सैनिकांची छाती धडधडे, दम लागे, घाम फुटे. हृदय मात्र तपासणीत बहुधा ठाकठीक निघे. १८७५ मध्ये पॅरिसमध्ये लग्रां द्यु सोल यांनी ‘शंकेचे वेड’ या नावाने एका व्याधीचे वर्णन केले. त्यात आपला जुना पापशंकी माणूस सहज ओळखू येतो. १८९५ मध्ये व्हिएन्नात फ्रॉइड यांनी मज्जादौर्बल्य या ढोबळ निदानातून ‘चिंता’ वेगळी काढली. त्यांच्या लक्षणांच्या यादीत धडधड आहे, कोंडणारा श्वास आहे, चक्कर आहे, रात्री दचकून उठणे आहे. धर्माविषयीची त्यांची मते आपणांस पटण्यासारखी नाहीत. पण ही यादी वाचून आपल्याच धर्मग्रामातील कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला नाही, असे म्हणणारा धर्मगुरू विरळा.

याच काळात फ्रान्समध्येच लिझ्यू गावी एक मुलगी वाढत होती. बालयेशूची संत तेरेजा बारा वर्षांची असताना, मे १८८५ मध्ये, एका आध्यात्मिक शिबिरानंतर तिला पापशंकेने गाठले. साध्यात साधा विचारही तिला छळू लागला. तिचा आधार होती थोरली बहीण मारी. रोज सर्व शंका तिला सांगायच्या आणि त्यांतल्या कोणत्या पापनिवेदनात न्यायच्या, ते मारीने ठरवायचे. हे सुमारे दीड वर्ष चालले. ऑक्टोबर १८८६ मध्ये मारी कार्मेल मठात गेली. तेव्हा तेरेजाने बालपणीच वारलेल्या आपल्या चार भावंडांकडे धाव घेतली आणि त्यांच्या मध्यस्थीने तिला शांती लाभली.

तेरेजाच्या या शंका पुष्कळांना ठाऊक असतात. तिच्या वडिलांची कथा त्या मानाने कोणी सांगत नाही. लुई मार्टिन यांना मेंदूच्या विकाराने भ्रम होऊ लागले, आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ शहरातील बाँ सोव्हर या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षांहून अधिक काळ होते. गावात कुजबूज झाली आणि मुलींनी ती सोसली. पण वडिलांना घरात कोंडून ठेवून हा प्रकार दडविण्याची वाट कुटुंबाने धरली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि त्यांची पत्नी झेली यांना संत म्हणून घोषित केले. म्हणजे आपल्या वेदीवर आज मनोरुग्णालयात राहिलेला एक संत विराजमान आहे. ज्या घरांत असा आजार चारचौघांपासून लपवला जातो, तेथे हे आवर्जून सांगावे.

ख्रिस्तसभेची अधिकृत भाषाही सावकाश बदलली. एप्रिल १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी रोममध्ये मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण केले. खरे पाप आणि पापाची रोगट भावना या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या: दुसरीवर वैद्याने उपचार करावेत, परंतु पहिलीवर औषध नाही. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने पालकीय सेवेत मानसशास्त्राचा उपयोग करण्यास सांगितले. १९१७ ची धर्मसंहिता जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारीत होती. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. आणि गंभीर मानसिक विकाराने वा तीव्र भयाने माणसाची जबाबदारी कमी होते, हे १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्येच्या संदर्भातच नमूद केले. आपल्या जुन्या दफनभूमींत कोपऱ्यातल्या, भिंतीबाहेरच्या जागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या दोन बदलांचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

उपचारांत मोठा पालट १९६६ मध्ये झाला. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर वेगळा प्रयोग केला. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि मनाला तात्पुरता दिलासा देणारी कृती, मग ती धुणे असो की पुटपुटणे, करायची नाही. भीती चढते, शिगेला जाते आणि काही न करताही उतरते, हे शरीराला अनुभवाने कळू द्यायचे. मदतीला माणूस असतो; उपचार टप्प्याटप्प्याने होतात. मान्रेसाचा निश्चय आणि नेपल्सचा नियम येथे शास्त्र होऊन आला, असे मी म्हणालो तर डॉक्टरमंडळी हसतील कदाचित. पण साम्य डोळ्यांआड करता येत नाही. पुढे औषधेही आली. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून ती आपल्याच मनाने बंद करावयाची नसतात. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेने ‘चिंता’ या एका नावाखालचे प्रकार वेगळे केले: अचानक येणारे भयाचे झटके एक, सदा सर्वकाळ पाठ न सोडणारी काळजी दुसरी. मंत्रचळाला २०१३ मध्ये स्वतंत्र प्रकरण मिळाले. नावे बदलत राहतील, नातेसंबंध मात्र जवळचा आहे.

आपल्या देशात १९१२ चा वेड्यांचा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बाजूला सारला. २०१७ चा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा सुरू झाली. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतूनही बोलता येते.

तरीही लोक कोठे जातात? छातीत धडधडते म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे, आणि ते योग्यच, कारण हृदय तपासून घेतलेच पाहिजे. सर्व तपासण्या निर्दोष आल्या की दृष्ट काढणाऱ्याकडे. मग एका प्रार्थनासभेतून दुसऱ्या प्रार्थनासभेत. तेथे कोणी सांगतो की, श्रद्धा कमी पडते. आणि आधीच बोचणाऱ्या खड्याशेजारी दुसरा खडा येऊन बसतो. इग्नाशियस रोज सात तास प्रार्थना करीत होते. त्यांची श्रद्धा कमी पडत होती काय?

सजग विवेकबुद्धी आणि व्याधी यांतला फरक अनुभवी गुरूला बहुधा कळतो. सजग माणूस पाप सांगतो, क्षमा घेतो आणि घरी जातो. व्याधिग्रस्त माणसाला क्षमेने लाभलेला दिलासा चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकत नाही. तो आठवड्यातून तीनदा येतो, तेच सांगतो, शब्द नीट उच्चारले का म्हणून पुन्हा सांगतो. त्याची झोप उडालेली असते, कामात लक्ष नसते, घरची माणसे बेजार झालेली असतात.

येथे आम्हा धर्मगुरूंना एक अडचण येते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पापनिवेदनात कानी पडलेली गोष्ट आम्हाला कोणापाशीही काढता येत नाही. त्याच्या पत्नीपाशी नाही, आईपाशी नाही, डॉक्टरपाशीही नाही. म्हणून पापनिवेदन करतेवेळीच मी अशा व्यक्तीला सुचवतो की, संस्कार येथे पूर्ण झाला. आता उद्या सकाळी मिस्सानंतर माझ्याकडे बसायला या आणि यातले तुम्हाला सांगावेसे वाटेल तेवढे तेथे पुन्हा सांगा. काही जण येतात, काही येत नाहीत. जे येतात त्यांच्याशी डॉक्टरांविषयी बोलता येते, वेळ ठरविता येते, घरच्या कोणाला बरोबर न्यावे हे विचारता येते. पहिल्या भेटीला सोबत हवी असल्यास मी जातो.